निर्दोष चेहरा आणि दुधाचा पेला

श्रोतेहो, नमस्कार.

रहस्यपट पाहताना आपल्यापैकी बहुतेक जण पुरावे पाहत नाहीत; श्रेयनामावली पाहतात. एवढा नामांकित नट आणि काम मात्र दोन प्रसंगांपुरते, घरच्या वकिलाचे? मग खून यानेच केला असणार, असे आपण मध्यंतरापूर्वीच शेजाऱ्याच्या कानात सांगून मोकळे होतो, आणि बहुधा ते खरेही ठरते. नायकाच्या बाबतीत याच्या उलट. ज्याचा चेहरा पोस्टरवर सर्वांत मोठा, तो निर्दोष. मग सगळे पुरावे त्याच्याकडे बोट दाखवीत असले तरी.

हा संकेत किती चिवट आहे, हे सांगणारा एक किस्सा मला फार आवडतो. १९४१ साली आल्फ्रेड हिचकॉकने ‘सस्पिशन’ हा चित्रपट केला. ज्या कादंबरीवरून तो घेतला, तिच्यात नवरा खुनी आहे आणि बायकोला ते कळलेले आहे. तरीही त्याने दिलेले विष ती समजून-उमजून पिते. चित्रपटात नवऱ्याच्या भूमिकेत होता कॅरी ग्रँट, म्हणजे हसरा, देखणा, प्रेक्षकांचा लाडका नायक. एका रात्री तो आजारी बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन निघतो. खाली अंधार, भिंतींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या सावल्या, आणि तो एकेक पायरी सावकाश चढतो आहे. त्याचा चेहरा नीट दिसत नाही. दिसतो तो फक्त पांढराशुभ्र पेला. प्रेक्षकाची नजर दुधावरून हलू नये म्हणून हिचकॉकने त्या पेल्यात चक्क एक छोटा दिवा ठेवला होता. दुधात दिवा, श्रोतेहो! साधे दूध, पण ते उजळल्याबरोबर विषासारखे दिसू लागते.

शेवट कसा करायचा होता, हे हिचकॉक पुढे मोठ्या चवीने सांगत असे. नवरा खुनी असल्याचे बायको आईला पत्रात लिहिते, पाकीट बंद करून त्याच्याच हाती देते, ‘एवढे टाकशील का?’ म्हणते आणि दूध पिऊन टाकते. शेवटच्या दृश्यात तो शीळ घालीत येतो आणि स्वतःच्याच गुन्ह्याचा पुरावा असलेले ते पत्र पेटीत टाकतो. प्रत्यक्षात पडद्यावर काय आले? सकाळी दुधाचा पेला तसाच भरलेला, आणि थोड्या वेळाने उलगडा असा की, विषाची चौकशी नवऱ्याने स्वतःच्या आत्महत्येसाठी केली होती. कॅरी ग्रँट खुनी असूच शकत नाही, एवढ्यासाठी अख्खी गोष्ट वळवावी लागली. हिचकॉकला हा अनुभव नवा नव्हता. १९२७ सालच्या ‘द लॉजर’मध्येही भाडेकरूवर खुनाचा संशय होता; पण ती भूमिका आयव्हर नॉव्हेलो या लोकप्रिय नटाकडे असल्यामुळे त्यालाही निर्दोष ठरवावे लागले होते.

त्या काळी अमेरिकेत चित्रपटांना एक आचारसंहिता लागू होती आणि १९३४ पासून ती कडकपणे पाळली जाई. गुन्हेगार पडद्यावर मोकळा सुटता कामा नये, असा तिचा दंडक होता. तेव्हा खलनायक पकडला जाणार, हे ठरलेलेच. तो कोण आणि केव्हा सापडणार, एवढेच काय ते शिल्लक. मला स्वतःला त्यापेक्षा जास्त राग येतो तो खलनायकाच्या गालावर व्रण रंगवण्याच्या किंवा त्याला लंगडत चालायला लावण्याच्या सवयीचा. हा आळस तर आहेच, शिवाय तसा चेहरा घेऊन जगणाऱ्या माणसांवर अन्यायही आहे. आणि पार्श्वसंगीत! दार उघडण्याआधीच व्हायोलिने किंचाळू लागली, तर दिग्दर्शकाने पुढे दाखवायचे तरी काय?

पोस्टरवरचा चेहरा सुरक्षित असतो, हा संकेत हिचकॉकने शेवटी १९६० साली ‘सायको’मध्ये मोडला. जॅनेट ली ही त्यातली ख्यातनाम अभिनेत्री, आणि चित्रपट निम्माही झालेला नसताना तिचा खून होतो. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा त्याचा चित्रपटगृहांना आग्रह होता. कारण अगदी व्यवहारी होते: उशिरा आलेला प्रेक्षक जॅनेट ली कधी येते याची वाट पाहत शेवटपर्यंत बसून राहिला असता.