टाके जमले, किडनी टिकवायची कशी

[दृश्य : ओटीपोटाची आकृती]

प्रत्यारोपणात नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत. जुन्या दोन्ही बहुतेक वेळा आत तशाच राहतात. नवीला जागा मिळते ओटीपोटात, बहुधा उजवीकडे, कारण पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात. धमनीला धमनी, शिरेला शीर, मूत्रवाहिनी मूत्राशयाला. त्या जोडात एक बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात आणि चार-सहा आठवड्यांनी दुर्बिणीने काढून घेतात.

रक्तवाहिन्या शिवण्याची रीत नवी नाही. त्यासाठी ॲलेक्सिस कॅरेल यांना १९१२ सालीच नोबेल मिळाले होते. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी बसवलेली किडनी चालली, पण ती एकसारख्या जुळ्या भावाची होती. इतरांचे शरीर परका अवयव ओळखायचे आणि नाकारायचे.

[दृश्य : डेन्व्हर, जुनी छायाचित्रे]

थॉमस स्टार्झल यांनी मार्च १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तीन वर्षांचा मुलगा रक्तस्रावाने टेबलावरच गेला. पुढच्या रुग्णांना रक्त गोठवणारे उपचार दिले, तर बाहेरून रक्त फिरवणाऱ्या नळ्यांत गुठळ्या झाल्या आणि फुप्फुसांत जाऊन अडकल्या. यकृत प्रत्यारोपणाचे काम थांबले ते १९६७ पर्यंत.

त्याच काळात किडनीवर त्यांना जे सापडले, ते आमच्या मते यकृतापेक्षा मोठे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रीन या औषधाच्या जोडीला प्रेडनिसोलोनच्या जातीचे स्टेरॉइड दिले, तर सुरू झालेले रिजेक्शन, म्हणजे शरीराने अवयव नाकारणे, मागे फिरवता येते. १९८० पासून त्याच कामाचे सायक्लोस्पोरिन आले. यकृत बसवलेले पूर्वी जेमतेम तिसरा हिस्सा रुग्ण वर्ष काढायचे, ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. १९८९ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी टॅक्रोलिमस वापरले, तेही प्रतिकारशक्ती दाबणारेच. हे औषध जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेले. स्टार्झल यांची ओळख शल्यविशारद अशी असली, तरी त्यांची निम्मी कारकीर्द मात्रा ठरवण्यात गेली आहे.

[दृश्य : चामोर्शीचे बसस्थानक]

आज विदर्भातल्या खेड्यात प्रत्यारोपण झालेला माणूस बहुधा टॅक्रोलिमसचीच गोळी खातो, दर बारा तासांनी. तिची मर्यादा अरुंद. रक्तात कमी पडली तर रिजेक्शन. जास्त झाली तर तीच किडनीला इजा करते, हात थरथरतात, साखर आणि पोटॅशियम चढते. म्हणून ‘लेव्हल’, म्हणजे रक्तातले औषधाचे प्रमाण, तपासतात, आणि घोळ नेमका इथे होतो.

रुग्णाला नागपूरला जायचे असते. पहाटेची एसटी धरायची म्हणून तो निघताना सवयीने गोळी घेतो. नमुना घेतला जातो तेव्हा औषध रक्तात भरात असते. अहवाल जास्त दिसतो, मात्रा कमी होते, आणि काही आठवड्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम घटले की रक्तात साचणारा घटक, वाढते. खरे तर नमुना पुढच्या गोळीच्या ऐन आधी हवा. रात्री नऊची गोळी, तर सकाळी नऊला रक्त. तोवर सकाळची गोळी खिशात. चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ लिहिली, तर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही.

लेव्हल बिघडवणाऱ्या गोष्टी गावातच असतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल ती चढवतात, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन पाडते. जुलाब लागले तरी लेव्हल चढते, म्हणून हगवण लागल्यावर मनाने गोळी बंद न करता प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. कंबर दुखते म्हणून घेतलेले डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन लेव्हल न बदलताही किडनीला घातक. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून दिलेला गुळवेलीचा काढा तर उलटाच उपाय, कारण इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते.

मे महिन्यात टिनाच्या घरात दुपारी औषधही तापते. पाकिटे मूळ वेष्टनात, कोरड्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोनाड्यात ठेवावीत. माठाला चिकटून नको, ओल लागते. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि उन्हात काम असेल तर घामाचा हिशेब त्यात धरावा. पाणी कमी पडले की क्रिएटिनिन लगेच वर जाते.

[दृश्य : काटोलजवळची संत्र्याची बाग]

संत्र्यांचे काय, हे इथे हटकून विचारले जाते. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. त्यांतले घटक आतड्यातल्या, औषध मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि लेव्हल चढते. नागपुरी संत्र्याला ती अडचण नाही. मात्र रक्तात पोटॅशियम वाढलेले असेल, तर ते खाली येईपर्यंत संत्रीही बाजूला ठेवावी लागतात.