थंडीतली प्रवरा

मंडळी, हिवाळ्यात धबधबा बघायला चला म्हटलं की आपल्याकडे लोक आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. धबधबा म्हणजे आषाढ-श्रावण, रेनकोट, कांदाभजी आणि घाटात अडकलेल्या गाड्या, असं गणित डोक्यात पक्कं बसलंय. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पावसाळ्यात आपल्याला दिसतं ते पाणी. नदी बघायची असेल तर मार्गशीर्ष-पौषात निघा. चार ठिकाणांची नावं फेकण्यापेक्षा मी एकच नदी घेतो: अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातली प्रवरा, रतनगडापासून रंधा धबधब्यापर्यंत.

सुरुवात रतनवाडीत करा. गावातलं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन. झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं परंपरा सांगते. पावसाळ्यात इथल्या गाभाऱ्यात पाणी भरतं, शिवाय छत्रीखालून मान वर करून कोरीवकाम बघणं काही जमत नाही. डिसेंबरात सकाळचं ऊन तिरपं पडतं आणि बाहेरच्या भिंतीवरची एकेक नक्षी उठून दिसते. शेजारची पुष्करणी चुकवू नका. तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत.

गावालगतचा ओढा म्हणजे प्रवरा. या दिवसांत दगडांवरून उड्या मारत सहज ओलांडता येते. पुढे हीच बाई अमृतवाहिनी म्हणून मिरवते, संगमनेर-श्रीरामपूरकडचा मुलूख पोसते आणि प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते, यावर इथे उभं राहून विश्वास बसत नाही.

आता भंडारदरा धरणाचा जलाशय एका हाताला ठेवून मुतखेलच्या दिशेने रस्त्यानेच चालायला लागा. जुलैत या रस्त्यावर धबधबे मोजायला गेलात तर वैतागाल, इतके असतात. डिसेंबरात त्यांच्या जागी कड्यावर काळे ओघळ उरलेले दिसतात. तो डाग म्हणजे पाण्यावर जगलेलं आणि आता वाळलेलं शेवाळ. लोक इथे 'काहीच नाही' म्हणून गाडी पुढे काढतात. मी म्हणतो, इथेच थांबा, कारण कडा आत्ता उघडा आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोटांवर लोट आले आणि एकावर एक थिजले. तेच थर कड्यावर चळतीसारखे रचलेले दिसतात. कठीण कातळाचा थर उभा कापल्यासारखा, मऊ थर उतरता आणि गवताळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो, तो गेरूचा. वरून भेगांतून झिरपत आलेल्या पाण्याला असा घट्ट थर लागला की ते खाली न जाता आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर येतं. जवळ जाऊन बघा: सगळा कडा कोरडा ठणठणीत आणि त्या एका रेषेवर मात्र नेचे हिरवेगार, खाली थेंबथेंब ठिबकणारं पाणी. असे झरे हे नदीचं हिवाळ्यातलं भांडवल. पावसाळी लोंढा वाहून जातो, डोंगराने पोटात ठेवलेलं हे पाणी पुढचे काही महिने नदीला पुरवून पुरवून मिळतं.

खाली खाचरांत भाताची कापणी उरकलेली असते. कुठे खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या, कुठे उरलेल्या ओलीवर पेरलेला हरभरा. पाण्याकाठी शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु पळणारा छोटा पक्षी दिसला तर तो धोबी. हा आपला हिवाळी पाहुणा, उत्तरेकडून थंडीला कंटाळून आलेला. आपण थंडी शोधत इथे येतो, तो ऊब शोधत. असो.

आता मुख्य गोष्ट. चालत शेंडी गावाला आलात की समोर भंडारदऱ्याचं धरण. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली संपलं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. इतक्या आडरानात एवढं मोठं धरण का? कारण पाऊस. घाटमाथ्यावर घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि याच नदीच्या खालच्या अंगाला शेतकऱ्याला चार-पाचशेवर भागवावं लागतं. वरचं पाणी अडवून खाली न्यायचं, एवढा सरळ हिशेब. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या प्रवरानगरला घातला गेला, तिथला ऊस याच पाण्यावर वाढला.

म्हणून धरणाखालचा धबधबा हिवाळ्यात कधी वाहणार हे हवामान खातं ठरवत नाही, पाटबंधारे खातं ठरवतं! रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटलं की कोरडं पात्र भरतं. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, तो अंब्रेला फॉल. आभाळ निळंभोर, थंडीने हात खिशात आणि समोर दुथडी नदी, हे दृश्य आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी मिळतं. निघण्याआधी नगरकडच्या वर्तमानपत्रात 'आवर्तन' आणि 'क्युसेक' (सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं त्याचं माप) हे शब्द असलेली बातमी शोधा, किंवा शेंडीत ज्याच्याकडे उतरणार त्याला फोन करा. गावात सगळ्यांना माहीत असतं.

काही जण नाक मुरडतात, की हे काही नैसर्गिक नव्हे, नळ सोडल्यासारखं आहे. मला ते पटत नाही. शंभर वर्षं ही नदी अशीच वाहते आहे. तिच्या काठचं शेत, वीजघर, भांडणं, सगळं त्या वेळापत्रकावर चालतं. ते वगळून फक्त 'निसर्ग' बघायचा म्हणजे अर्धीच नदी बघायची.

धरणापासून दहाएक किलोमीटरवर रंधा. इथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली घळईत उडी घेते. आवर्तन जोरात असेल तर तुषारच तुषार. मला मात्र पाणी बारीक असतानाचा रंधा जास्त आवडतो. तेव्हा दिसतं, की वरचा कठीण थर ओठासारखा पुढे आलाय आणि खालचा मऊ थर पाण्याने आत कोरलाय. आधार गेला की ओठ कधीतरी तुटतो, धबधबा तेवढा मागे सरकतो. पुढची ती खोल घळई म्हणजे धबधब्याने मागे सरताना सोडलेली वाट आहे. पुराच्या दिवसांत यातलं काहीही दिसत नाही, फक्त गर्जना ऐकून परत यावं लागतं.

एक कळकळीची सूचना. पाणी कमी दिसलं म्हणून पात्रात मधोमध बसून डबे उघडू नका. वर धरण आहे, वीजघर आहे, पातळी बदलते. आणि कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी एक पाऊलसुद्धा नको. तिथला कातळ गुळगुळीत आहे.

मुंबईकरांनी इगतपुरीपर्यंत रेल्वेने यावं, पुढे घोटीवरून शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. दोन दिवस हाताशी ठेवा. पहिला रतनवाडीचा, दुसरा धरण ते रंधा. जेवण आदल्या दिवशीच गावात सांगून ठेवा, म्हणजे नागलीची भाकरी मिळेल. तळ्याकाठी तंबू ठोकून रात्री स्पीकर लावणाऱ्यांच्या शेजारी मात्र मुक्काम करू नका, थंडीपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.

समोरून कोणीतरी विचारतंय, सांदण दरी का नाही सांगितली? साम्रदजवळची ती दरी अप्रतिम आहे, पण तिथे दगडांच्या राशी उतराव्या लागतात आणि हिवाळ्यात मध्ये गार पाण्यातून जावं लागतं. तो ट्रेक झाला, आपण आज चालण्याबद्दल बोलतोय. जायचंच असेल तर साम्रदमधला वाटाड्या घ्या आणि कोरडे कपडे पिशवीत ठेवा.