एका ‘नि’चा घोळ

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सप्लिमेंट आणि ताकद’. एवढ्या पावसात नौपाड्यापर्यंत आलात म्हणजे घरात कुणीतरी पावडरीचा तो मोठा काळा डबा आणून ठेवलेला दिसतोय. (हशा)

तसं आपल्याला हे नवं नाही. तालमीत खुराक होताच, बदाम, दूध, तूप. पण पैलवान आधी जोर-बैठकांनी घाम गाळायचा, मग खुराक मागायचा. आमच्या घोडबंदर रोडच्या जिममध्ये पोरगा पहिल्या दिवशी फी भरतो, दुसऱ्या दिवशी डबा घेतो आणि तिसऱ्या दिवसापासून दिसत नाही. डबा मात्र हप्त्यांवर असतो.

विषयाकडे येतोच, पण आधी माझी एक तक्रार ऐका. माझं वय ५४. चार वर्षं वजनं उचलतोय, रोज पाच ग्रॅम क्रिएटिन नावाची ताकदीची पावडर घेतो. गेल्या वर्षी विम्यासाठी रक्त तपासलं. किडनीचं काम बघायला मोजतात ते क्रिएटिनिन १.४, ठळक अक्षरांत, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. रिपोर्ट आधी बायकोने वाचला. तिने डब्यावरचं नाव वाचलं, रिपोर्टवरचं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत कळव्याच्या सासूबाईंना कळलं, की जावयाची किडनी गेली. मेहुणा म्हणाला, “स्टेरॉइडच ते!” डबा गायब. तीन आठवड्यांनी माळ्यावर सापडला, गणपतीच्या मखराच्या मागे. गणपती आले म्हणून सापडला, नाहीतर कुठला!

आता बघा, सगळा घोळ एका ‘नि’चा. क्रिएटिन स्टेरॉइड नव्हे. शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली ते मांसातून वेगळं काढलं. आपलं शरीरही रोज थोडं बनवतं. स्नायूत वापरता वापरता त्याचं क्रिएटिनिन होतं आणि ते लघवीवाटे जातं. टाकी जास्त भरली की सांडतंही जास्त. तेवढ्याने किडनी बिघडली असं होत नाही. आमच्या डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी तपासणी केली, ती व्यवस्थित निघाली. सासूबाईंचा अजून विश्वास नाही, तो भाग वेगळा. मात्र किडनीचा आजार आधीपासून असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि रक्त द्यायला जाल तेव्हा ‘मी हे घेतो’ एवढं सांगा. मी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय! बरं.

क्रिएटिन. जड वजन उचलताना पहिले काही सेकंद स्नायू साठवलेल्या ऊर्जेवर चालतो. तो साठा झटपट परत भरायला हे मदत करतं, म्हणून वजन सातव्यांदा उचलताना अडकणारा माणूस आठव्यांदा-नवव्यांदाही उचलतो आणि महिनोन्महिने त्या जादा मेहनतीचा फायदा साठत जातो. किलोभर मटणात चार-पाच ग्रॅमच असतं; त्यामुळे शाकाहारी माणसाचा साठा कमी आणि फायदा बहुधा जास्त. सुरुवातीला रोज २० ग्रॅम घ्यायची गरज नाही. तीन ते पाच ग्रॅमनेही महिन्याभरात टाकी भरते. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते बहुतेक पाणी.

प्रोटीन. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरतं. म्हणजे सत्तर किलोला ११२. वरण-भात-भाजीत एवढं होत नाही, हे कबूल. अंडं, दूध, पनीर, सोयाबीन घालूनही कमी पडलं तर व्हे घ्या. ती पावडर म्हणजे दुधाचंच पाणी वाळवलेलं. पुरत असेल तर डब्याने ताकद वाढत नाही.

कॅफिन खरंच काम करतं. किलोमागे तीन मिलिग्रॅम, तासभर आधी. चहाच्या कपात चाळीसेक मिलिग्रॅम धरा, म्हणजे अर्ध्या कपाच्या कटिंगवर भागवायचं तर सत्तर किलोच्या माणसाला दहा लागतील. नको, कॉफी प्या. रात्री आठच्या बॅचवाल्यांनी तीही नको, झोप जाईल. बीसीएए, म्हणजे प्रोटीनचेच काही सुटे घटक? प्रोटीन पुरेसं असेल तर पैसे पाण्यात, रंगीत पाण्यात. टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या गोळ्यांचं मी बोलत नाही, समोर शाळेची मुलं बसलीत.

उठतो, उठतो. मागच्या रांगेतल्या आजी हात वर करून बसल्यात. हो आजी, नातवाला क्रिएटिन ताकातून दिलं तरी चालेल. फक्त कालवून ठेवू नका, लगेच प्यायला सांगा.