प्रत्येक चेंडू सारखा सुटला पाहिजे

क्रिकेटच्या नेटमध्ये बॉलिंग मशीन तुम्ही पाहिलं असेल. दोन चाकं उलट दिशांनी फिरत असतात आणि मधल्या फटीत सोडलेला चेंडू सणसणत बाहेर येतो. आज ज्या यंत्राबद्दल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या शूटरबद्दल, बोलायचं आहे ते याच जातीचं आहे. फक्त ते स्पर्धेतल्या रोबोटवर बसवायचं असतं, त्याला वीज १२ व्होल्टच्या एका बॅटरीतूनच मिळते, आणि त्याच बॅटरीवर रोबोटची चाकंही धावत असतात.

शूटर करायला घेतला की मुलं पहिलं विचारतात, ‘सर, किती लांब जाईल?’ मी त्यांना सांगतो, हा प्रश्न सोपा आहे. मोटर मोठी लावा, जाईल लांब. अवघड प्रश्न असा की पाठोपाठचे दहा चेंडू एकाच जागी पडतील का.

एक खरं उदाहरण घेऊ. ‘फर्स्ट’ ही डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत सुरू केलेली संस्था. १९९२पासून ती शाळकरी मुलांसाठी एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) ही रोबोटची स्पर्धा घेते. मुंबईतल्या मुलांचे संघही तिथे खेळले आहेत. तिथला २०२२चा खेळ होता ‘रॅपिड रिॲक्ट’. चेंडू मोठ्या टेनिस बॉलसारखा, साडेनऊ इंच व्यासाचा, वजन साधारण २७० ग्रॅम. मैदानाच्या मधोमध चेंडू ज्यात टाकायचा तो उंच ‘गोल’, त्याचं वरचं तोंड जमिनीपासून ८ फूट ८ इंचांवर आणि चार फूट रुंद. सामना अडीच मिनिटांचा. एका वेळी दोनच चेंडू जवळ ठेवायची मुभा होती. (त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिक रोबोट स्पर्धेचा विषय आपली लगोरी होता, तेव्हा नेम धरणाऱ्या रोबोटचं हे गणित आपल्याकडेही तितकंच कामाचं.)

आता वही काढा. गोलाच्या मध्यापासून ४ मीटरवर उभे आहोत, चेंडू ९० सेंटीमीटर उंचीवरून ६० अंशांत सोडायचा आहे. हवा नाही असं धरलं तर वेग येतो सेकंदाला ७.८ मीटर. पण हा चेंडू आकाराने मोठा आणि वजनाने हलका. या वेगाला हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त भरतो, म्हणून ८ मीटरच्या थोडं वरच धरा. याच गणितातून दुसरी गोष्ट निघते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. वेग एक टक्का चुकला की चेंडू सुमारे १२ सेंटीमीटर अलीकडे-पलीकडे पडतो. चेंडूची जाडी आणि तो तिरपा उतरतो हे धरलं तर मध्यापासून दोन्ही बाजूंना चाळीसेक सेंटीमीटरच हाताशी राहतात. म्हणजे वेगातली चूक साडेतीन टक्क्यांपलीकडे गेली की चेंडू बाहेर.

बहुतेक संघ एकच चाक आणि समोर वक्र पाठ, म्हणजे हूड, अशी रचना करतात. चेंडू हूडवरून घरंगळत जातो, त्यामुळे चाकाच्या कडेचा जो वेग त्याच्या निम्माच चेंडूला मिळतो. चेंडूला ८ हवेत तर कडेला १६ हवेत. चार इंची चाकासाठी हे झाले मिनिटाला सुमारे ३००० फेरे. प्रत्येक फेकीत चाकाकडून जवळपास २९ ज्यूल ऊर्जा जाते. चेंडूच्या पुढे जाण्यात त्यातली फक्त ९ज्यूल दिसते, काही त्याच्या फिरकीत जाते आणि निम्मी घसरण्यात, उष्णता होऊन. रबर झिजतं ते यामुळेच.

हे २९ ज्यूल आले कुठून? मोटरकडून नव्हे. चेंडू चाकाला चिकटलेला असतो तो क्षण इतका छोटा, की मोटरला तेवढ्यात फारसं काही देता येत नाही. ऊर्जा येते चाकाने आधीच साठवलेल्या गतीतून. त्याच अक्षावर २० सेंटीमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची पोलादी चकती बसवली तर ती भरते साधारण एक किलो, आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांना तिच्यात २४० ज्यूलच्या आसपास साठतात. एक चेंडू गेला की वेग सहा टक्क्यांनी उतरतो. प्रत्येक चेंडूला तो सारखाच उतरत असेल तर काही बिघडत नाही, तेवढं आधी वाढवून ठेवता येतं. पण चाक सावरायच्या आत दुसरा चेंडू आत ढकलला, तर तो पाऊण मीटर अलीकडे पडणार. ‘पहिला लागतो, दुसरा चुकतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

मग चकती आणखी जड करायची का? जड चाक वेग घ्यायला वेळ खातं, आणि अंतर बदललं की वेग बदलायलाही. माझं मत असं की चाक मध्यम जड ठेवावं, हूडचा कोन बदलता येईल असा करावा, आणि गिअर असा निवडावा की मोटर आपल्या कमाल वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर काम करेल. कमाल वेगाजवळ मोटरच्या अंगात जोरच उरत नाही, त्यामुळे खाली आलेलं चाक वर यायला रेंगाळतं.

हूडमुळे चेंडूला उलटी फिरकीही मिळते. त्या हंगामात गोलात पडलेले चेंडू उसळून बाहेर येत, म्हणून अनेक संघांनी हूडच्या वरच्या टोकाला दुसरा रोलर लावून ही फिरकी कमी केली.

नियंत्रणाबद्दल थोडक्यात. मोटरला ठरावीक व्होल्टेज देऊन भागत नाही, कारण रोबोट जोरात धावला की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. वेग मोजा आणि त्यावरून दुरुस्त करा. हव्या वेगाला किती व्होल्ट लागतात हे आधी मोजून ठेवा, तो पाया. पीआयडीने, म्हणजे चूक सतत मोजून तिच्या हिशेबाने दुरुस्ती करणाऱ्या पद्धतीने, फक्त उरलेली चूक भरून काढा. वेगाचं मोजमाप गुळगुळीत करणारा फिल्टर फार जड ठेवू नका. तो उशिरा बोलतो, आणि ‘वेग आला’ असं कळेपर्यंत परिस्थिती बदललेली असते.

चेंडू चाकाला भेटायच्या आधी काय होतं याकडे मात्र फार कमी जण बघतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. चेंडू दर वेळी त्याच रेषेत, त्याच वेगाने आत गेला पाहिजे. चाक आणि हूड यांच्यामध्ये तो दर वेळी तितकाच दबला पाहिजे. हूडचा पत्रा लवचीक असेल तर तो चेंडूबरोबर वाकतो, दाब बदलतो, आणि प्रोग्रॅमिंग करणारी मुलगी बिचारी आठवडाभर आकडे बदलत बसते. त्याला मागून आडव्या पट्ट्या द्या. नव्या चेंडूवरची लव आणि खेळून गुळगुळीत झालेला चेंडू यांची पकड वेगळी असते, म्हणून चाचणीत दोन्ही वापरा.

चकतीभोवती पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे सहज न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचं, आवरण हवंच. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापलेली चकती मी या वेगाला फिरवू देत नाही, आणि गॉगल घातल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देत नाही.

शेवटचं, चाचणीचं. एका जागेवरून दहा चेंडू मारा, प्रत्येक कुठे पडला त्याची खूण करा, आणि त्याच वेळी चाकाच्या वेगाचा आलेख काढा. प्रत्येक फेकीला आलेखात एक खड्डा दिसेल. चेंडू सुटण्याआधीचा वेगच कमी-जास्त असेल तर दोष नियंत्रणात. आधीचा वेग सारखा पण खड्डे लहान-मोठे, तर दाब बदलतो आहे: हूड तपासा, चेंडू तपासा. खड्डेही सारखे आणि तरी चेंडू डावी-उजवीकडे पसरत असतील, तर आत जाण्याची वाट बघा, चेंडू चाकाच्या मधोमध येत नाहीये. तो आलेख प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा काढा आणि जुन्याशेजारी भिंतीवर लावा.