एकाच सूत्राच्या सोळा साखरा

पडद्यावर दिसणारे हे तीन रेणू ग्लुकोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज यांचे आहेत. तिन्हींमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू आहेत, आणि कोणता अणू कोणाला जोडलेला आहे याची यादी केली, तर तिन्ही याद्या तंतोतंत जुळतात. फरक आहे तो फक्त दिशेचा. ग्लुकोजच्या साखळीत दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की मॅनोज होते. चौथ्या कार्बनवरचा गेला की गॅलॅक्टोज होते. या प्रकाराला अवकाशीय समघटकता म्हणतात, आणि सजीवांच्या रसायनशास्त्रात तिचे महत्त्व साखरांइतके ठळकपणे क्वचितच कुठे दिसते.

साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल फिरवते, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बियो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली निरखून त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगातले स्फटिक दुसऱ्या ढिगातल्या स्फटिकांची आरशातली प्रतिमा वाटावेत असे होते, आणि त्यांची द्रावणे प्रकाशाला परस्परविरुद्ध दिशांना वळवत होती. या वागण्याचे मूळ रेणूच्या आकारातच असले पाहिजे, हे पाश्चर यांच्या लक्षात आले होते. परंतु तो आकार कसा असावा, याचे उत्तर मिळायला १८७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २२ वर्षांच्या व्हान्ट हॉफ यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ल बेल यांनी, कार्बनचे चार बंध चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात अशी कल्पना मांडली. चारही कोपऱ्यांवर वेगवेगळे गट असतील, तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते आणि त्या दोन मांडण्या एकमेकींवर कधीच तंतोतंत बसत नाहीत. ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे ४ कार्बन आहेत. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे एकूण १६ समघटक. आणि हे १६ रेणू मूळ रेणू व त्याची आरशातली प्रतिमा अशा ८ जोड्यांत विभागले जातात.

या १६ मांडण्यांपैकी ग्लुकोजची नेमकी कोणती, हा प्रश्न जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी हाती घेतला. त्या काळात रेणूच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन नव्हते, आणि साखरा हाताळायलाही कठीण होत्या, कारण त्यांचे स्फटिक सहजासहजी बनत नाहीत आणि हाती लागतो तो चिकट पाक. फिशर यांनी स्वतःच शोधलेले फेनिलहायड्राझिन हे संयुग येथे उपयोगी पडले: साखरेशी त्याची अभिक्रिया झाली की ओळखता येतील असे पिवळे स्फटिक मिळतात. ग्लुकोज आणि मॅनोज दोन्हींपासून अगदी एकच पिवळा पदार्थ बनतो. या अभिक्रियेत पहिल्या दोन कार्बनचे वेगळेपण नाहीसे होत असल्यामुळे, ग्लुकोज आणि मॅनोज यांच्यात फक्त दुसऱ्या कार्बनचाच फरक आहे, असा निष्कर्ष निघतो. पुढे अरॅबिनोज या पाच कार्बनच्या साखरेची साखळी एका कार्बनने वाढवली की ग्लुकोज आणि मॅनोज दोन्ही मिळतात, या निरीक्षणावरून आणि त्यांच्या आम्लांच्या प्रकाश वळवण्याच्या गुणधर्मावरून शक्यता कमी होत गेल्या. शेवटी दोन मांडण्या उरल्या. त्यांतली एक ग्लुकोजची आणि दुसरी मॅनोजची, एवढे नक्की होते. कोणती कोणाची, हे ठरायचे बाकी होते.

येथे फिशर यांनी केलेला युक्तिवाद मला संपूर्ण रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो, म्हणून आपण तो जरा जवळून पाहू. साखरेच्या साखळीची दोन टोके वेगळी असतात: एकीकडे अल्डिहाइड गट, दुसरीकडे अल्कोहोल गट. ऑक्सिडीकरणाने दोन्ही टोकांना आम्लगट बनवले, की टोकांमधला फरक पुसला जातो, आणि मग मूळ साखर वरून खाली वाचायची होती की खालून वर, हे त्या आम्लाकडे पाहून सांगता येत नाही. उरलेल्या दोन मांडण्यांपैकी एक अशी होती, की तिची टोके अदलाबदल करून चित्र अर्धा फेरा फिरवले तर पुन्हा तीच मांडणी मिळते. दुसरीचे तसे नव्हते. ती फिरवली की वेगळीच साखर मिळायला हवी होती. म्हणजेच पहिल्या मांडणीचे आम्ल एकाच साखरेपासून बनेल, तर दुसरीचे आम्ल दोन वेगवेगळ्या साखरांपासून. फिशर यांनी ग्लुकोजच्या आम्लापासून उलट दिशेने जात ही दुसरी साखर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार केली आणि तिला गुलोज असे नाव मिळाले. ग्लुकोजची मांडणी निश्चित झाली. हे वर्ष होते १८९१, आणि साखरा व प्युरिन (नायट्रोजनयुक्त संयुगांचा एक गट) यांवरील कामासाठी फिशर यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धतेत एक जागा मात्र मोकळी राहिली होती. मूळ रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा यांपैकी निसर्गातले ग्लुकोज कोणते, हे या पद्धतीने ठरवणे अशक्यच होते, कारण सगळा युक्तिवाद दोघांनाही सारखाच लागू पडतो. फिशर यांनी पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट उजवीकडे आहे असे गृहीत धरले, आणि पुढची साठ वर्षे साखरांची सगळी चित्रे त्या गृहीतावर काढली गेली. १९५१ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे बायव्हूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्याच एका क्षारावर क्ष-किरणांचे प्रयोग करून रेणूची खरी दिशा मोजली. फिशर यांचे गृहीत बरोबर ठरले, आणि एकही चित्र उलटे करावे लागले नाही.

आतापर्यंत आपण सरळ साखळी पाहिली, परंतु पाण्यात ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ वलयाच्या रूपात असतो. वलय मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट दोनपैकी कोणत्याही दिशेला राहू शकतो. त्यानुसार त्या वलयाला अल्फा किंवा बीटा म्हणतात. प्रकाशाचे वळणे मोजणाऱ्या ध्रुवणमापीच्या नळीत शुद्ध अल्फा ग्लुकोजचे ताजे द्रावण भरले, तर त्याचे विशिष्ट परिवलन (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे +११२ अंश दिसते, आणि नळीला कोणीही हात न लावता ते हळूहळू उतरू लागते. शुद्ध बीटा ग्लुकोजचे मापन सुमारे +१९ पासून सुरू होते आणि चढत जाते. दोन्ही आकडे +५२.७ वर येऊन थांबतात, कारण वलये सतत उघडत आणि मिटत असतात, आणि शेवटी सुमारे ३६ टक्के अल्फा व ६४ टक्के बीटा असा समतोल साधला जातो. बीटाचे पारडे जड असण्याला कारण आहे: त्याच्या वलयावरचे सगळे मोठे गट बाहेरच्या बाजूला ऐसपैस पसरलेले असतात, आणि ही सोय, आरशातल्या प्रतिमा सोडल्या तर, ग्लुकोजच्या उरलेल्या सात भावंडांपैकी एकालाही लाभलेली नाही.

हीच वलये एकमेकांना जोडली गेली की दिशेचा परिणाम डोळ्यांना दिसू लागतो. अल्फा दिशेने जोडलेल्या ग्लुकोजची साखळी वळत जाते आणि स्टार्च बनतो. बीटा दिशेने जोडल्यास प्रत्येक वलय शेजारच्या वलयाच्या तुलनेत उलटे बसते, साखळी सरळ राहते, अशा अनेक साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, आणि सेल्युलोज तयार होते. दाणा आणि लाकूड यांच्यात घटक साखर एकच आहे. आपल्या लाळेतले विकर (अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, म्हणजे एन्झाइम) अल्फा बंध सहज तोडते, परंतु बीटा बंध तोडणारे सेल्युलेज हे विकर मानवी शरीर बनवत नाही. गाईगुरांच्या पोटात ते काम सूक्ष्मजीव करतात. विकर आणि साखर यांचे हे नाते फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्लीच्या उपमेने सांगितले होते.

गॅलॅक्टोजबाबत शरीराला हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. दुधातील लॅक्टोजचे विघटन झाले की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतात. ग्लुकोज थेट वापरता येते. गॅलॅक्टोजला मात्र आधी एका न्यूक्लिओटाइडशी (डीएनएच्या घटकांसारख्या छोट्या रेणूशी) जोडावे लागते, आणि मग एक विकर त्याच्या चौथ्या कार्बनवरचा तो एकच हायड्रॉक्सिल गट पलटवते. साखरांच्या अशा न्यूक्लिओटाइड संयुगांचा शोध लावल्याबद्दल अर्जेंटिनाचे लुईस लेल्वार यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या मार्गातले एक विकर जन्मतःच काम करत नसेल, तर गॅलॅक्टोसीमिया हा विकार होतो: दूध पिणाऱ्या नवजात बाळाच्या शरीरात गॅलॅक्टोज आणि त्यापासून बनलेले पदार्थ साचतात, यकृताला इजा होते, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, आणि वेळेत निदान झाले नाही तर जीव धोक्यात येतो. उपचार म्हणून बाळाच्या आहारातून लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज तातडीने वगळले जाते. तेवढ्याने बाळ वाचते, परंतु गॅलॅक्टोज पूर्णपणे नाहीसे होत नाही, कारण चौथ्या कार्बनवरचा गट पलटवणारे ते विकर दोन्ही दिशांना चालते आणि शरीर स्वतःच्याच ग्लुकोजपासून थोडे गॅलॅक्टोज बनवत राहते.