डागोबेर्टमामा आणि एरिका फुक्स

श्रोतेहो, नमस्कार.

डोनाल्ड डकचा तो कंजूष मामा आठवतो ना, नाण्यांच्या राशीत सूर मारणारा? इंग्रजीत तो स्क्रूज. जर्मन मुलांना मात्र तो डागोबेर्ट म्हणूनच माहीत आहे. हे नाव एरिका फुक्स यांच्या लेखणीतून आलं. रोस्टॉकमध्ये १९०६ साली जन्मलेल्या, कलेच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाई १९५१ पासून जर्मन ‘मिकी माउस’ मासिकासाठी अनुवाद करत होत्या आणि १९७२ पर्यंत त्याच्या मुख्य संपादकही होत्या. व्यक्तिनामांचं काय करायचं, हे शिकायचं तर त्यांची पानं समोर ठेवावीत.

नामकोश उघडून नावाचा अर्थ शोधायचा आणि तोच आपल्या भाषेत घालायचा, ही पहिली चूक. डोनाल्ड हे नाव जुन्या केल्टिक भाषेतलं, अर्थ साधारण ‘जगावर सत्ता चालवणारा’. आपला बदक तर कायम कडका! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून त्याचं कुणी ‘जगदीश’ केलं, तर वाचक नसलेला अर्थ शोधत बसेल. कथेत तो अर्थ कामाला येतच नाही. जर्मनमध्येही डोनाल्ड डोनाल्डच राहिला.

स्क्रूजची गोष्ट वेगळी. डिकन्सच्या नाताळकथेमुळे इंग्रजीत हे नाव म्हणजेच चिक्कू माणूस. हा संदर्भ मुलांना ठाऊक नसेल, तर नाव मुकं होतं. डागोबेर्ट हे सातव्या शतकातल्या फ्रँक राजाचं नाव. त्यातल्या ‘बेर्ट’चा अर्थ तेजस्वी आणि ‘डाग’चा अर्थ सहसा दिवस असा लावतात. पण महत्त्वाचं हे, की कानाला ते जुनं, वजनदार, खजिनावाल्याचं वाटतं. शिवाय डागोबेर्ट डक, ड-ड असा अनुप्रासही जुळतो. कंजूषपणा नावातून गेला, राजेपण आलं. कंजूषपणा चित्रांत दिसतोच.

याच गोष्टींतल्या संशोधक जायरो गिअरलूसकडे जरा थांबून पाहू. गिअरलूस म्हणजे आपण म्हणतो तसा स्क्रू ढिला असलेला. फुक्सबाईंनी त्याला डानिएल ड्यूझेनट्रीप केलं. ‘ड्यूझ’ म्हणजे ज्यातून वायूचा झोत सुटतो ते तोंड, ‘ट्रीप’ म्हणजे चालना. जोडून अर्थ जेट इंजिनाचा जोर. पन्नाशीच्या दशकात जेट विमानं नवी होती, म्हणून ऐकताक्षणी हा माणूस काय करतो ते कळे. चेष्टा जाऊन कौतुक आलं. हा बदल मोठा आहे, आणि माझ्या मते योग्यच आहे, कारण गोष्टीतला संशोधक वेडगळ असला तरी हुशार आहे.

गावाचं नाव पाहा. डकबर्गचं झालं एन्टनहाउझन. ‘एन्ट’ म्हणजे बदक. आणि ‘हाउझन’ हा शेवट नॉर्डहाउझन, शाफहाउझन अशा खऱ्या गावांना असतो. मराठीत आपण ‘बदकवाडी’ म्हणू, त्याच जातीची ही घडण. नकाशावर शोभेल असं नाव.

डोनाल्डचे तिघे भाचे ह्यूई, ड्युई, लुई. जर्मनमध्ये टिक, ट्रिक, ट्रॅक. रोमन लिपीत मूळ नावांची अक्षरं ४, ५, ५. जर्मन नावांचीही ४, ५, ५! कॉमिकमध्ये हे फार उपयोगी, कारण संवादाचा फुगा आधीच काढलेला असतो आणि तो वाढत नाही. जर्मन शब्द मुळात लांब. नाव ऐसपैस निवडलं की संवाद कापावा लागतो.

मराठीत हे काम करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी: नावाला विभक्ती लावून मोठ्यानं हाक मारावी. याच गोष्टींतल्या चोरांच्या टोळीला जर्मनमध्ये ‘पान्त्सरक्नाकर’ म्हणतात, म्हणजे पोलादी तिजोऱ्या फोडणारे. आपलं ‘तिजोरीफोडे’ घ्या: तिजोरीफोड्यांनी, तिजोरीफोड्यांना. जीभ अडत नाही, चालेल. ज्या नावाचं सामान्यरूप करताना अडखळायला होतं, ते दहाव्या पानापर्यंत वाचकाला छळतं. आणि नाव पक्कं करण्याआधी दुकानाच्या पाट्या, पत्रांवरचे पत्ते, दारावरची अक्षरं असं चित्रातलं सगळं तपासावं. फुग्यात नवं नाव आणि पाटीवर जुनं राहिलं, की मुलं लगेच पकडतात.

खुद्द बाईंच्या नावाचंही पुढे काहीतरी झालं. क्रियापदाचा शेवट कापून उरलेलं रूप फुग्यात टाकायची त्यांची सवय होती: ‘झॉइफ्त्सेन’ म्हणजे उसासा टाकणे, त्यातून नुसतं ‘झॉइफ्त्स’. चाहत्यांनी व्याकरणातल्या संज्ञांच्या चालीवर या रूपाला ‘एरिकाटीफ’ म्हणायला सुरुवात केली. मराठीत ही युक्ती तशीच चालत नाही. ‘रडणे’चं ‘रड’ केलं की ती आज्ञा होते, आणि बदक कुणालातरी रडायला सांगतोय असं वाटतं. तिथे आपल्याकडे ‘मुसमुस’, ‘हुश्श’, ‘गटकन’ आहेत, ते हाताशी ठेवावेत.