नाही म्हणायला जागा

(पडद्यावर मोबाइल. व्हॉट्सॲपचा एक मेसेज.)

"फ्रेश चेहरे पाहिजेत. मुली आणि मुलं, वय 18 ते 25. हिंदी वेब सिरीज. दोन दिवसांचं शूट, नाशिकपासून तासाभरावर. बोल्ड सीनची तयारी हवी. पेमेंट रोख. फोटो लगेच पाठवा."

हा मेसेज आम्ही या फिल्मसाठी लिहून काढलाय. पण नाशिकच्या नाटकवाल्या पोरापोरींच्या एखाद्या ग्रुपवर तो टाकून बघा. "असलाच एक मलाही आला होता," म्हणणारं कुणी ना कुणी भेटेल.

आता तोच पुन्हा वाचा. निर्माता कोण, पत्ता नाही. कुठल्या ॲपवर दिसणार, पत्ता नाही. आणि बोल्ड म्हणजे किती? चुंबन? उघडी पाठ? की त्याच्या पुढचं सगळं? ते बंगल्यावर पोचल्यावर कळतं. तोवर मोबाइल बाहेर जमा झालेला असतो आणि परतीची गाडी युनिटची असते.

(दृश्य: कसारा घाट, पावसाळी धुकं. रस्त्याकडेला भाड्याच्या बंगल्यांच्या पाट्या.)

पूर्वी काम शोधायला मुंबई गाठावी लागायची. सकाळची पंचवटी पकडायची, अंधेरीत चार ऑफिसांत फोटो ठेवायचे, रात्री घरी. आता कामच अर्ध्या वाटेवर येऊन थांबलंय. इगतपुरीचे बंगले, गंगापूर धरणाकडची फार्महाऊस. तिथे प्री-वेडिंगही होतं, मालिकाही होतात, जाहिरातीही होतात. त्यात गैर काहीच नाही. फक्त अशा बंगल्यात आत काय शूट होतंय ते बाहेरच्याला कळत नाही, आणि आतल्याला रात्री दहा वाजता बाहेर पडायचं म्हटलं तर रिक्षा मिळत नाही.

पॉर्न असावं की नसावं, या वादात ही फिल्म पडणार नाही. कॅमेऱ्यासमोर जो माणूस उभा असतो, त्याला विचारलं होतं का, कधी विचारलं, आणि नंतर त्याचं मन बदललं तर काय, एवढंच बघायचंय.

आपल्याकडचा कायदा आधी. सज्ञान माणसाने घरात बसून काय पाहावं यावर कायदा सहसा बोट ठेवत नाही. पण अशी फिल्म विकणं, पसरवणं गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ए खाली पहिल्याच दोषसिद्धीला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. कागदावर हे कडक दिसतं. प्रत्यक्षात त्याचा एक विचित्र परिणाम होतो. धंदा बेकायदा, म्हणून तो बंद होत नाही, लपतो. आणि लपलेल्या धंद्यात काम करणाऱ्याला ना करार, ना विमा, ना तक्रार करायला तोंड. "मी तक्रार केली तर मलाच आत टाकतील," ही भीती निर्मात्याच्या फार कामाची असते.

फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबई गुन्हे शाखेने मढ बेटावरच्या एका बंगल्यावर छापा घातला. त्या प्रकरणात पुढे आलेल्या तक्रारी अशाच होत्या: वेब सिरीज म्हणून बोलावलं, आणि ऐनवेळी कपडे काढायला सांगितलं. त्यानंतर मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुरासाठी 18 ओटीटी प्लॅटफॉर्म बंद केले, जुलै 2025 मध्ये आणखी 25. बातम्या झाल्या, टाळ्याही पडल्या. पण ॲप बंद झालं म्हणून त्यातल्या मुलीची क्लिप टेलिग्रामवर फिरायची थांबत नाही. आपल्याकडे सगळी चर्चा बघणाऱ्याच्या डोळ्यांची होते. जिला बघितलं जातं तिच्यापर्यंत ती क्वचितच पोचते.

(दृश्य: पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक. शाळेच्या सहलीची मुलं.)

थोडं आडवळण. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी त्यांना बाई मिळाली नाही. अगदी वेश्यावस्तीतसुद्धा त्यांनी विचारून पाहिलं, तिथूनही नकार आला. शेवटी एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं केलं. त्याच वर्षी नाशकात केलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तोवर सिनेमा बाईविना झाला होता. बायकांनी का नकार दिला त्याची कारणं तेव्हाच्या समाजाची होती, त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण नकार आल्यावर पात्र बदललं गेलं, सिनेमा झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. "तू नाही म्हणालीस तर अख्खं युनिट बसेल, पन्नास हजारांचं नुकसान," असं ज्यांना ऐकवलं जातं, त्यांनी तर नक्कीच.

आता जिथे हा धंदा कायदेशीर आहे तिथे जाऊ. तिथे सगळं आलबेल असेल असं वाटत असेल, तर सॅन दिएगोचं प्रकरण ऐका.

अमेरिकेतल्या या शहरातून एक वेबसाइट चालायची. जाहिरात मॉडेलिंगची असायची. मुली बहुतेक अठरा ते बावीस वर्षांच्या, कॉलेजच्या. त्यांना सांगितलं जायचं, फिल्म फक्त डीव्हीडीवर जाईल, तीही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे, इंटरनेटवर येणार नाही. खात्री पटावी म्हणून आधी काम केलेल्या म्हणवणाऱ्या मुलींशी फोनवर बोलणं करून द्यायचे, आणि त्या मुलींना खोटं बोलण्याचे पैसे मिळायचे. कागद समोर यायचा तो हॉटेलच्या खोलीत, शूटच्या अगदी तोंडावर. "वाच नंतर, लाइट लागलेत." आणि व्हिडिओ यायचा थेट नेटवर, मग कॉलेजात, मग घरी.

यातल्या 22 जणींनी दिवाणी दावा लावला. प्रत्येकीची सही कागदावर होती. निर्मात्यांचा सगळा बचाव त्या सहीवरच उभा होता. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि सुमारे 1 कोटी 27 लाख डॉलरची भरपाई दिली. शिवाय त्या व्हिडिओंची मालकीही मुलींना दिली. मुख्य सूत्रधार पळाला, एफबीआयच्या 'मोस्ट वाँटेड' यादीत गेला, डिसेंबर 2022 मध्ये माद्रिदमध्ये सापडला. सप्टेंबर 2025 मध्ये त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली.

सही खरी, संमती खोटी. आपल्याकडेही कायदा हेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 28 प्रमाणे भीतीपोटी किंवा चुकीच्या समजुतीखाली दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, संमती धरली जात नाही.

जपानने यातून सर्वांत वेगळा मार्ग काढला. जून 2022 मध्ये तिथे कायदा झाला. प्रत्येक फिल्मचा वेगळा लेखी करार. करार हातात पडल्यापासून एक महिना शूट करायचं नाही. शूट झाल्यापासून चार महिने फिल्म बाहेर आणायची नाही, आणि आणण्यापूर्वी कलाकाराला दाखवायची. बाहेर आल्यानंतरही एक वर्ष कलाकार कारण न देता करार मोडू शकतो, निर्मात्याला त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी ही मुदत दोन वर्षांची होती.

हा कायदा तिथल्या सगळ्याच कलाकारांना आवडला असं नाही. शूट रद्द झाली, हातची कामं गेली, आम्हाला न विचारता आमच्यासाठी कायदा केलात, असं काहींनी जाहीरपणे सुनावलं. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. तरी आम्हाला त्यातला एक महिना मोलाचा वाटतो. एका महिन्यात माणूस बहिणीशी बोलतो, वकिलाला कागद दाखवतो, रात्री तीनला जागा होऊन विचार करतो. फसवणाऱ्याला नेमका हाच महिना परवडत नाही. म्हणून तर त्याच्या मेसेजात "लगेच" असतं.

आरोग्याचं थोडक्यात. 2004 मध्ये कॅलिफोर्नियात ब्राझीलच्या शूटहून परतलेल्या एका अभिनेत्याकडून तीन सहकलाकार स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली, आणि काही आठवडे शूटिंग थांबलं. चाचण्या तेव्हाही होत होत्या, पण लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, त्याच फटीत हे घडलं. आज तिथल्या 'पास' या व्यवस्थेत चाचणी 14 दिवसांच्या आतली लागते आणि निर्मात्याला दिसतं ते इतकंच: हा कलाकार कामाला उपलब्ध आहे की नाही. आजाराचं नाव दिसत नाही. ही गुप्तताही ठेच लागून आली. 2011 मध्ये 12 हजारांहून अधिक कलाकारांची खरी नावं इंटरनेटवर फुटली होती, आणि ती चाचणी करणाऱ्या क्लिनिकच्या नोंदींतून गेल्याचा संशय होता. नाशकात कुणाला शंका असेल तर सिव्हिलला एचआयव्हीची चाचणी मोफत होते, 2017 च्या कायद्याने ती गुप्त ठेवावी लागते. संसर्गाचा धोका वाटला तर 72 तासांच्या आत गाठा, त्या मुदतीत सुरू केली तर लागण टाळणारी औषधं आहेत.

(दृश्य: गंगापूर रोडजवळची तालमीची खोली. जमिनीवर सतरंज्या, कोपऱ्यात हार्मोनियम.)

या खोलीत पॉर्नशी कुणाचा संबंध नाही. एकांकिका करणारी मुलं आहेत. मुंबईहून एक ताई आल्यात, सिनेमा-मालिकांत इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून काम करतात. जवळिकीचे सीन मारामारीच्या सीनसारखे आधी बसवून घेणं हे त्यांचं काम. गंमत म्हणजे हे काम अमेरिकन टीव्हीवर रुजलं ते 2018 च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या पॉर्न धंद्यावरच्या एका मालिकेतून. त्यातल्या अभिनेत्रीनेच, मला सेटवर माझ्या बाजूचं कुणीतरी हवं, असं सांगितलं होतं.

मुलगा आणि मुलगी समोरासमोर उभे. मुलगी स्वतःचा हात स्वतःच्या अंगावर ठेवत सांगते, तो फक्त बघतो.

"खांदा?"

"चालेल."

"पाठ?"

"वरची चालेल. कमरेपर्यंत नको."

"मान?"

ती थांबते. हसते. मग म्हणते, "मान नको, ताई."

मुलगा म्हणतो, "अगं पण सीनमध्ये लिहिलंय तसं…"

ताई त्याच्याकडे न बघताच म्हणतात, "सीन बदलेल. पुढे."

मग पाळी त्याची. पोटाला हात लावलेला मला चालणार नाही, असं तो सांगतो तेव्हा मागे कुणीतरी खिदळतं. ताई त्या खिदळणाऱ्यालाच पुढे उभं करतात. मुलांना नकार द्यायला आपण मुलींपेक्षाही कमी शिकवलंय, हे त्या खिदळण्यात दिसलं.

शेवटी एक कागद भरला जातो. काय दिसेल, काय झाकलेलं राहील, सेटवर कोण असेल, मॉनिटर कोण बघेल. ताईंनी एक ओळ स्वतः लिहून घेतली: कागदावर हो असलं तरी शूटच्या दिवशी नाही म्हणता येईल, आणि त्या दिवसाचे पैसे मिळतील. पैशाचा भाग त्यांनी दोनदा वाचून दाखवला. पैसे अडकलेले असले की नकार घशातच राहतो.

करारावरून एक. "मध्येच सोडलंस तर पाच लाख भरावे लागतील, सही केलीयेस," ही धमकी या धंद्यात सर्रास चालते. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्याचं कलम 23 सांगतं की बेकायदा हेतूचा करार मुळात रद्दबातल. अश्लील फिल्म पसरवण्यासाठीच केलेला करार दाखवून तो माणूस कोर्टात वसुलीला जाणार कसा? तो जाणार नाही. त्याला फक्त तुम्ही घाबरायला हवे असता. अशा कागदाचा फोटो काढून वकिलाला दाखवा.

आणि क्लिप बाहेर आलीच तर? न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्पष्ट लिहिलंय: बाईने चित्रीकरणाला होकार दिला असेल, पण ते इतरांना दाखवायला दिला नसेल, तर ते पसरवणं गुन्हा आहे. हे कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. मुलांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई आणि 67ए चा आधार घ्यावा लागतो. ही उणीव आहे, आणि ती भरायला हवी.

काही कामं त्याच रात्री करायची. चॅट डिलीट करू नका, रागाने नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ज्या प्लॅटफॉर्मवर क्लिप आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: 2021 च्या नियमांनुसार अशा तक्रारीवर 24 तासांच्या आत मजकूर काढण्यासाठी पावलं उचलणं त्यांना बंधनकारक केलं गेलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. वय अठराच्या खाली असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा पोक्सो कायदा लागतो, तिथे संमतीचा प्रश्नच उरत नाही.

पोलीस ठाण्यात जाताना सोबत कुणाला तरी न्या. घटना इगतपुरीची असली तरी एफआयआर नाशकात घ्यावाच लागतो, तो तिकडे वर्ग करणं त्यांचं काम. कलम 77 ची तक्रार बाईची असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आहे. तसा आग्रह धरा, खुर्चीवर बसून थांबा. "पण तुम्ही गेलातच कशाला?" असं कुणीतरी विचारेल. त्याला एवढंच सांगा, की काय सांगून बोलावलं होतं आणि काय करायला लावलं, ते आधी लिहून घ्या.